हलका हॅमर, हरवलेला रिफ्लेक्स: मज्जासंस्था तपासायच्या साधनांचं परीक्षण

घोट्याचा रिफ्लेक्स (ठोका बसताच स्नायूने आपोआप दिलेला झटका) मिळाला नाही, असं केसपेपरवर लिहायच्या आधी हातात कुठला हॅमर आहे ते बघावं. नारिंगी त्रिकोणी रबराचा छोटा टेलर हॅमर असेल तर तो बाजूला ठेवावा, लांब दांडीचा क्वीन स्क्वेअर घ्यावा आणि पुन्हा मारून बघावं. 'नसलेला' रिफ्लेक्स पुष्कळदा जागेवरच असतो. पहिल्या ठोक्यात त्याला जागं करण्याइतका दमच नव्हता, एवढंच. विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या तयार किटमध्ये नेमका हा हलका हॅमर भरलेला असतो, आणि आमची सगळ्यात मोठी तक्रार तीच आहे.

या परीक्षणात टेलर, क्वीन स्क्वेअर, बाबिन्स्की, ट्रॉम्नर आणि बक हे हॅमर आहेत, कंप जाणवतो का ते बघायचा १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क आहे आणि स्पर्श तपासायचा १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (नायलॉनचा धागा) आहे. किटमधल्या टॉर्चबद्दल शेवटी थोडं. कुठल्याही कंपनीची तुलना इथे नाही. साधनाची घडण कशी असावी आणि विकत घेताना काय तपासावं, एवढाच विषय आहे.

हॅमरकडून नेमकं काय हवंय

टेंडनवर (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या पट्ट्यावर) मारतो म्हणून रिफ्लेक्स टेंडनचा, असं अनेकांच्या डोक्यात बसलेलं असतं. इथे टेंडनचं काम फक्त दोरीचं. गुडघ्याच्या वाटीखालच्या टेंडनवर ठोका बसला की ती ताणलेली दोरी क्षणभर दबते आणि मांडीच्या पुढच्या स्नायूला हिसका बसतो. तो हिसका ओळखणारा संवेदक स्नायूच्या पोटात असतो. त्याला मसल स्पिंडल म्हणतात. स्पिंडल म्हणजे चाती, आणि आकारही तसाच: काही मिलिमीटर लांब, मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळता. त्याच्या मधल्या भागाला एका जाड चेतातंतूचं टोक स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं असतं. हा तंतू 'वन-ए' जातीचा, मायलिनचं (चरबीयुक्त आवरणाचं) जाड वेष्टण असलेला, शरीरातल्या सर्वांत वेगवान तंतूंपैकी एक.

साधन निवडताना सगळं ज्यावर ठरतं ती गोष्ट अशी, की हे टोक स्नायू किती ताणला गेला यापेक्षा किती झटकन ताणला गेला याला जास्त जोरात प्रतिसाद देतं. टेंडन हळूहळू कितीही दाबा, पाय हलणार नाही. तेच टेंडन एका मिलिमीटरनेही झटक्यात दबलं तर पाय उडतो. म्हणून हॅमरला ताकद नको, वेग हवा. आणि तो वेग दर ठोक्याला सारखा हवा, कारण खरी माहिती डाव्या-उजव्या बाजूच्या तुलनेतून मिळते.

पुढचा प्रवास थोडक्यात. वन-ए तंतू मागच्या मुळातून मज्जारज्जूत शिरतो. गुडघ्यासाठी एल२ ते एल४ (मज्जारज्जूच्या पातळ्या: सी मानेच्या, एल कमरेच्या, एस त्याखालच्या), त्यातही मुख्यतः एल३ आणि एल४. तिथे तो मधे कुणालाही न घेता थेट त्याच स्नायूच्या मोटर न्यूरॉनला (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशीला) जाऊन मिळतो. एकच सायनॅप्स (दोन चेतापेशींमधला जोड), आणि रासायनिक निरोप ग्लूटामेटचा. मोटर न्यूरॉनचा संदेश फेमोरल नर्व्हमधून परत मांडीत येतो आणि स्नायू आकसतो. ठोक्यापासून स्नायूत विद्युत हालचाल दिसेपर्यंत साधारण २० मिलिसेकंद जातात. घोट्याच्या रिफ्लेक्सचा रस्ता लांब, म्हणून तिथे ३० ते ३५. त्याच वेळी वन-ए तंतूची एक फांदी मधल्या एका निरोधक पेशीमार्फत मांडीच्या मागच्या स्नायूंना गप्प बसवते, नाहीतर पुढचा स्नायू ओढताना मागचा आडवा आला असता. 'पाय उडाला' हे मेंदूला कळतं ते पाय उडायला लागल्यावर.

१८७५ साली एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी गुडघ्याच्या या हालचालीचं वर्णन स्वतंत्रपणे प्रसिद्ध केलं. एर्बला ती प्रतिक्षिप्त क्रिया वाटली, तर वेस्टफालला स्नायूचाच थेट प्रतिसाद. एर्ब बरोबर ठरला. पण स्नायूवर थेट ठोका मारला तर तो थोडा आकसतोच, हेही खरं आहे. म्हणून हॅमर टेंडनवरून घसरून स्नायूच्या पोटावर बसला की 'रिफ्लेक्स आहे' असा खोटा निकाल मिळू शकतो. हलक्या हॅमरने जोर लावून मारणाऱ्या हातून हे फार होतं.

टेलर

१८८८ चा हा नमुना जॉन मॅडिसन टेलर यांचा, फिलाडेल्फियातला. चपटी धातूची दांडी, टोकाला कडं, कड्यात बसवलेलं त्रिकोणी रबर. खिशात मावतो, आणि जगभर हाच जास्त दिसण्याचं कारण बहुधा तेवढंच आहे.

त्याची एक बाजू चांगली आहे. त्रिकोणाचा निमुळता कोपरा लहान जागेवर अचूक बसतो. कोपराच्या खळग्यात बायसेप्सच्या टेंडनवर आपला अंगठा ठेवून त्या अंगठ्यावर मारायचं असेल, किंवा लहान मूल तपासायचं असेल, तर टेलर सोयीचा पडतो. तपासणाऱ्याचा अंगठाही दुखत नाही.

मोठ्या माणसाच्या गुडघ्याला मात्र तो अपुरा पडतो आणि घोट्याला तर फारच. डोकं हलकं, दांडी आखूड. आखूड दांडीचं टोक फिरवून वेग मिळत नाही म्हणून माणूस कोपरापासून हात चालवतो, हात चालवला की जोर येतो, आणि जोर दर वेळी वेगळा असतो. उजव्या बाजूला २+ (नेहमीसारखा) आणि डाव्या बाजूला १+ (क्षीण) असं लिहिलेलं असतं तेव्हा तो फरक पेशंटचा की तपासणाऱ्याच्या हाताचा, हे टेलरच्या बाबतीत सांगता येत नाही.

घ्यायचाच असेल तर दोन गोष्टी बघाव्यात. हॅमर कानाशी धरून हलवावा. कड्यातलं रबर खुळखुळत असेल तर ठोक्याचा निम्मा जोर रबर सरकण्यातच जाणार. दुसरं म्हणजे रबरात नख दाबावं. खूण उमटून परत भरून यायला हवी. जुनं रबर कडक आणि चकचकीत होतं, त्यावर बारीक भेगा पडतात. असं रबर हाडाजवळ लागलं की दुखतं, पेशंट अंग आखडून घेतो आणि आखडलेल्या स्नायूत रिफ्लेक्स शोधणं व्यर्थ.

क्वीन स्क्वेअर

आमची पहिली पसंती. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या मज्जाविकारांच्या रुग्णालयात विंटल नावाच्या परिचारिकेने हा बनवला: पितळी चाक, त्याभोवती रबरी रिंग, आणि बांबूची काठी. एवढ्या साध्या सामानातून निघालेलं हे साधन आजही बऱ्याच महागड्या नमुन्यांपेक्षा चांगलं काम करतं. दांडी २५ ते ४० सेंटिमीटर, चकती साधारण ५ सेंटिमीटरची.

सगळं वजन टोकाला आणि दांडी लांब, त्यामुळे मनगट जरासं सैल सोडलं की चकती स्वतःच्या वजनाने खाली येते. वेग हॅमर आणतो, हाताला फक्त दिशा द्यायची. दांडीचं शेवटचं टोक अंगठा आणि दोन बोटांत सैल धरावं, मुठीत आवळू नये. चकतीची रबरी कड टेंडनवर पडू द्यावी आणि लगेच उसळू द्यावी. ठोक्यानंतर हॅमर टेंडनवर टेकून राहत असेल तर पकड घट्ट आहे. दर वेळी सारख्याच उंचीवरून सोडला की ठोका सारखाच बसतो, आणि डाव्या-उजव्याच्या तुलनेवर भरवसा ठेवता येतो.

घोट्याचा रिफ्लेक्स ही या हॅमरची खरी परीक्षा. एस१ चा हा रिफ्लेक्स नवशिक्यांना सर्वांत जास्त दगा देतो. पेशंट उताणा झोपलेला, गुडघा थोडा वाकवून बाहेरच्या बाजूला पडू दिलेला. तळव्याला हात लावून पाऊल हलकेच वर ढकलावं, जेणेकरून टाचेमागचं टेंडन किंचित ताणलं जाईल. फार ढकललं तर पेशंट उलट जोर लावतो. अजिबात ढकललं नाही तर दोरी ढिली राहते आणि ठोका वाया जातो. मग टाचेच्या हाडाच्या वर, टेंडनवर ठोका. नजर पावलावर नको, पोटरीवर ठेवावी, कारण क्षीण रिफ्लेक्समध्ये पाऊल हलत नाही पण पोटरीचा स्नायू थरथरलेला दिसतो. पाऊल धरलेल्या तळहातालाही तो झटका लागतो. वयस्कर किंवा सुजलेल्या पायांच्या पेशंटमध्ये टेंडनवर नेम धरत बसण्याऐवजी तळव्याच्या पुढच्या भागावर आपली बोटं आडवी ठेवून त्या बोटांवर मारावं. पाऊल वर ढकललं जाऊन तोच स्नायू तसाच ताणला जातो. टेलरने हा प्रकार करून बघा, बोटं तेवढी शेकून निघतात. क्वीन स्क्वेअरने सहज होतो.

त्याचे दोष. प्लॅस्टिकच्या चकतीचे स्वस्त नमुने अजिबात घेऊ नयेत. दांडी लांब पण डोकं पोकळ, म्हणजे नाव क्वीन स्क्वेअरचं आणि काम टेलरचं. दुकानात तपासायची सोपी युक्ती: हॅमर एका बोटावर आडवा तोलावा. तोल चकतीकडच्या एक-तृतीयांश दांडीतच सापडला पाहिजे. दांडीच्या मध्यावर तोल साधत असेल तर परत ठेवा. दुसरं, रबरी रिंग बोटाने फिरवून बघावी. ती चकतीवर फिरली नाही पाहिजे, नाहीतर काही दिवसांत निसटतेच. बांबूची दांडी उभी चिरते. चीर दिसली की दांडी बदलावी, चिकटपट्टीने तिचा लवचीकपणा परत येत नाही. दांडीचं टोक अणकुचीदार केलेले नमुने मिळतात, तळव्यावर ओढण्यासाठी. ते टोक वापरू नये: एकाच्या कातडीवर ओरखडा उठतो आणि तेच टोक पुढच्याच्या पायाला लागतं.

खिशात मावत नाही, ही तक्रार खरी आहे. तिच्यावर इलाज नाही.

बाबिन्स्की, ट्रॉम्नर, बक

बाबिन्स्कीने १९१२ मध्ये आणलेल्या हॅमरमध्ये धातूची दांडी आणि रबरी कडेची चकती असते. वजन चांगलं, ठोका भरीव. एकसंध दांडीचा मिळाला तर क्वीन स्क्वेअरच्या जवळपास काम देतो. रेडिओच्या अँटेनासारखी आत-बाहेर होणारी दांडी मात्र टाळावी. काही महिन्यांत तिचे सांधे ढिले होतात, आणि ठोक्याच्या क्षणी दांडी आत सरकली की वेग गेला.

ट्रॉम्नर ही आमची दुसरी पसंती, आणि बॅग लहान असेल तर पहिली. दोन तोंडांचं डोकं, एक बाजू मोठी आणि एक लहान, दोन्हीकडे रबर. भरीव धातूमुळे छोट्या झोक्यातही पुरेसा वेग मिळतो. लहान बाजूचा एक खास उपयोग असा: अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या मांसल उंचवट्यावर तिने टकटक केलं आणि तिथे खळगा पडून तो हळूहळूच सुटला, तर स्नायूंच्या मायोटोनियाची (आकसलेला स्नायू लवकर सैल न होण्याची) शंका येते. हे काम चकतीच्या हॅमरने नीट होत नाही.

बकच्या डोक्यात सुई आणि दांडीत ब्रश लपवलेला असतो. विद्यार्थ्यांना ही जादू फार आवडते. आम्ही ठामपणे सांगतो, ती सुई पेशंटला टोचू नका. एकाच्या कातडीत घुसलेली सुई दुसऱ्याला लावणं म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या संसर्गाला वाट करून देणं, आणि पुसून ती निर्जंतुक होत नाही. टोचण्याची संवेदना तपासायला एकदा वापरून टाकायची न्यूरोटिप घ्यावी. सुई आणि ब्रशच्या आट्यांमुळे बकचं डोकंही लवकर ढिलं पडतं. भेट म्हणून मिळाला तर गुडघ्यापुरता वापरा, सुई काढून टाकून.

चांगला हॅमर असूनही रिफ्लेक्स न मिळण्याची कारणं

पहिलं कारण नेहमी पेशंटचा ताण. 'पाय सैल सोडा' म्हटलं की बहुतेक माणसं पाय आणखी घट्ट धरतात. त्यापेक्षा पाय हाताने उचलून सोडावा. तो दगडासारखा पडला तर सैल, हवेत राहिला तर अजून बोलत राहावं.

दुसरं म्हणजे जागा. वाटीच्या खालच्या कडेपासून टेंडन बोटाने चाचपून मग मारावं. वाटीवर बसलेला ठोका नुसता दुखतो. ट्रायसेप्ससाठी (सी७) कोपर काटकोनात, आणि कोपराच्या टोकाच्या थोडं वर. मनगटाच्या बाजूच्या रिफ्लेक्ससाठी (सी५-सी६) अंगठ्याकडच्या हाडावर, मनगटापासून चार-पाच बोटं वर. इथे एक गोष्ट जरूर बघावी: कोपर वाकण्याऐवजी फक्त हाताची बोटं वाकली तर तो उलटा रिफ्लेक्स, आणि मानेत सी५-सी६ च्या पातळीवर मज्जारज्जू दबल्याची ती खूण असू शकते.

एवढं करूनही काहीच मिळालं नाही तर येंड्रासिकची युक्ती. १८८५ पासून चालत आलेली आहे आणि खर्च शून्य. पेशंटने दोन्ही हातांची बोटं आकड्यासारखी एकमेकांत अडकवायची आणि सांगितल्यावर जोरात ओढायची. ओढ सुरू होते त्याच क्षणी ठोका मारायचा. त्या काही सेकंदांत मज्जारज्जूतल्या मोटर न्यूरॉनना चेतवणं सोपं झालेलं असतं आणि दडलेला रिफ्लेक्स वर येतो. ओढ सुरू होऊन पाच-सात सेकंदांनी मारलं तर फायदा निघून गेलेला असतो. हाताचे रिफ्लेक्स बघताना बोटं अडकवता येत नाहीत, तिथे दात घट्ट आवळायला सांगावं. या युक्तीनंतर मिळालेला रिफ्लेक्स तसं नमूद करूनच लिहावा.

नोंद ० ते ४+ अशी: ० म्हणजे काहीच नाही, १+ क्षीण, २+ नेहमीसारखा, ३+ जोरकस, ४+ म्हणजे क्लोनससह (स्नायू लयीत पुन्हा पुन्हा उडत राहणं). सगळीकडे सारखा १+ किंवा सगळीकडे सारखा ३+ असलेली कितीतरी माणसं ठणठणीत असतात. दोन बाजूंत फरक पडला, किंवा मज्जारज्जूच्या एका पातळीखाली सगळंच जोरकस झालं, की लक्ष द्यावं. ठोक्यानंतर पाऊल परत खाली येण्याची गतीही बघावी. थायरॉइड मंदावलेल्या माणसात घोट्याचा रिफ्लेक्स उठतो नेहमीसारखा, पण स्नायू सैल व्हायला रेंगाळतो. हेसुद्धा हलक्या हॅमरने दिसत नाही, कारण मुळात हालचालच तेवढी होत नाही.

तळव्याच्या रिफ्लेक्ससाठी (बाबिन्स्की, १८९६) हॅमर लागतच नाही. बोथट लाकडी काडी पुरते. टाचेच्या बाहेरच्या बाजूने सुरू करून करंगळीच्या मुळापर्यंत आणि तिथून अंगठ्याच्या मुळाकडे वळवत, सगळं मिळून पाच-सहा सेकंदांत. मोठ्या अंगठ्याची पहिली हालचाल तेवढी मोजायची. नंतर पाय ओढून घेतला तर ती गुदगुली. तान्ह्या बाळांत अंगठा वर जाणं स्वाभाविकच आहे, मेंदूकडून खाली येणारे तंतू अजून मायलिनने पुरते वेढलेले नसतात.

ट्यूनिंग फोर्क: आकडा वाचून घ्या

कान तपासायचा फोर्क ५१२ हर्ट्झचा असतो आणि तो पायाला लावून काही कळत नाही. कंपन-संवेदनेसाठी १२८ हर्ट्झचा हवा. किट विकणारे कधी कधी २५६ चा टाकून देतात, त्यामुळे दांड्यावर कोरलेला आकडा वाचूनच घ्यावा.

या फोर्ककडून काय मिळतं ते कळलं की त्याच्या गुणवत्तेबद्दल माणूस आग्रही होतो. अंगठ्यातलं कंपन टिपणारी पेशी पायातून निघून मज्जारज्जूत शिरते आणि त्याच बाजूने, मागच्या खांबातून (मज्जारज्जूच्या मागच्या भागातल्या तंतूंच्या जुडग्यातून), मधे कुठेही न थांबता मेंदूच्या तळाशी मेडुलापर्यंत चढते. पायाच्या अंगठ्यापासून मेडुलापर्यंत एकच पेशी, उंच माणसात दीड मीटरच्या आसपास. एवढ्या लांब पेशीच्या शेवटच्या टोकापर्यंत सामान पोचवणं अवघड, म्हणून मधुमेहासारख्या आजारात सर्वांत आधी पायाची बोटं बधिर होतात. बी१२ कमी पडलं की याच मागच्या खांबांचं मायलिन खराब होतं, आणि कंपन कमी जाणवणं ही त्याची सुरुवातीची खूण.

वेदना आणि तापमानाचे तंतू मात्र मज्जारज्जूत शिरल्यावर लगेचच बाजू बदलतात. म्हणून मज्जारज्जूची एक बाजू दुखावली की त्या बाजूच्या पायातलं कंपन जातं आणि दुसऱ्या पायातली टोचणी जाते. फोर्क आहे पण न्यूरोटिप नाही, असं किट म्हणजे अर्धं किट.

घेताना बूड बघावं. त्वचेवर टेकणारा भाग सपाट, गोल, निदान दीड सेंटिमीटर रुंद हवा. पेन्सिलीसारखं बूड हाडावरून डगमगतं आणि पेशंटला कंपनाऐवजी टोचल्याचं जाणवतं. टोकांवरची वजनं स्क्रूने बसवलेली असतील तर स्क्रू आवळलेले आहेत ना ते बघावं, ढिल्या वजनाचा खरखराट होतो आणि फोर्क लगेच शांत होतो. तळहाताच्या मांसल भागावर मारून फोर्क स्वतःच्या घोट्यावर ठेवा. निरोगी तरुण माणसाला दहा सेकंदांच्या आतच कंप संपल्यासारखा वाटला तर तो फोर्क घेऊ नये. टेबलाच्या कडेवर कधीही आपटू नये. त्याने वरचे कर्कश सूर उठतात आणि पुढे-मागे पात्यांचं संतुलन बिघडतं.

वापरताना आधी छातीच्या हाडावर ठेवून 'हा कंप' अशी ओळख करून द्यावी, नाहीतर पेशंट धातूचा गारवा किंवा दाब यालाच हो म्हणतो. मग पायाच्या अंगठ्याच्या शेवटच्या सांध्यावर, नखाच्या मागे. डोळे मिटलेले. जाणवतंय का हे विचारून थांबू नये, कधी थांबलं ते सांगायला लावावं. मधूनच एकदा फोर्क न वाजवता ठेवावा. त्यालाही 'हो' आलं तर पुन्हा पहिल्यापासून. अंगठ्यावर नाही जाणवलं तर घोटा, मग गुडघ्याखालचा उंचवटा, असं वर वर जावं.

रायडेल-सायफर नावाचा मोजपट्टीचा फोर्क मिळतो, तो जास्त पैसे देऊन घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. वजनं लावली की ६४ हर्ट्झ, काढली की १२८. वजनांवर काळे त्रिकोण आणि ० ते ८ अशी पट्टी असते. फोर्क थरथरत असताना त्रिकोण दुहेरी दिसतात, आणि कंप मंदावेल तसा त्यांचा छेदबिंदू वर सरकतो. पेशंटने 'थांबलं' म्हटलं त्या क्षणी दिसणारा आकडा लिहायचा. सहा महिन्यांनी पुन्हा तपासताना 'कमी वाटतं' याऐवजी हातात आकडा असतो. वयाप्रमाणे हा आकडा उतरतो, हे मनात ठेवूनच निकाल द्यावा. वजनं खुणेच्या रेषेवरच बसवायची. सरकलेल्या वजनाचा फोर्क ना ६४ चा, ना मोजपट्टीच्या कामाचा.

मोनोफिलामेंट: थकणारं साधन

दिसायला दांडीला लावलेला नायलॉनचा तुकडा, पण यामागची कल्पना फार सुंदर आहे. सरळ धागा टोकावर दाबला की ठरावीक बलापर्यंत तो तग धरतो आणि मग वाकतो. वाकल्यावर आणखी ढकललं तरी बल फारसं वाढत नाही. त्यामुळे कुणाच्याही हातून त्वचेवर जवळजवळ तेवढंच बल पडतं. दांडीवर ५.०७ असा आकडा असतो. तो मिलिग्रॅममधल्या बलाच्या दहापटीचा लॉगॅरिदम आहे. हिशेब केला तर पावणेबारा ग्रॅम येतात, व्यवहारात त्याला १० ग्रॅमचाच म्हणतात.

धागा काटकोनात टेकवून साधारण एक सेंटिमीटर वाकेपर्यंत दाबायचा, एक ते दोन सेकंद धरायचा, उचलायचा. त्वचेवरून घसरवायचा नाही, टुचटुच करायची नाही. अंगठ्याचं टोक आणि तळव्याच्या पुढच्या भागात पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या बोटाच्या मुळाशी असलेले उंचवटे या नेहमीच्या जागा. घट्टे पडलेल्या किंवा जखमेच्या जागेवर लावायचा नाही, शेजारी लावायचा. प्रत्येक जागी तीनदा विचारायचं, त्यात एकदा न लावताच.

आता दोष. नायलॉन थकतं. नवा धागा वापराआधी दोनदा वाकवून सोडावा, सुरुवातीला तो जरा ताठ असतो. सलग दहाएक पेशंट झाले की त्याला २४ तास विश्रांती द्यावी, म्हणून गर्दीच्या तपासणीत निदान दोन हवेतच. दमट हवेत नायलॉन मऊ पडतं. टोक झिजून किंवा तुटून लांबी एक दशांशाने घटली तर वाकायला लागणारं बल जवळपास पाव पटीने वाढतं, आणि मग बधिर पायही 'हो' म्हणायला लागतो. हा दोष मऊपणापेक्षा वाईट, कारण त्यात धोक्यातला पाय निसटून जातो. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या डिजिटल काट्यावर महिन्यातून एकदा धागा वाकेपर्यंत दाबून बघावा. ९ ते १२ ग्रॅमच्या बाहेर गेला तर टाकून द्यावा. कायमचा बाक आलेला धागा मोजण्याचीही गरज नाही. दांडीत दुमडून बंद होणारा नमुना घ्यावा, उघड्या टोकाचा धागा बॅगेत हॅमरखाली दबून पहिल्याच आठवड्यात वाकतो.

टॉर्च

किटमध्ये फुकट मिळणारा निळसर एलईडी टॉर्च बहुतेक वेळा फार प्रखर असतो. पेशंट डोळे मिटून घेतो आणि बाहुली बघायची राहून जाते. पिवळसर, मध्यम उजेडाचा, मधे काळा ठिपका न पडणारा टॉर्च घ्यावा. उजेड दुसऱ्या क्रेनियल नर्व्हने आत जातो, मिडब्रेनमध्ये (मेंदूच्या देठाच्या वरच्या भागात) दोन्ही बाजूंच्या एडिंगर-वेस्टफाल केंद्रांना निरोप मिळतो, आणि तिसऱ्या नर्व्हने दोन्ही बाहुल्या आकसतात. गुडघ्याच्या बाबतीत चुकलेला वेस्टफाल तो हाच. पेशंटला लांब भिंतीकडे बघायला सांगावं, कारण जवळ बघितलं की बाहुली तशीही लहान होते. टॉर्च खालून किंवा बाजूने आणावा. प्रत्येक डोळ्यावर दोन ते तीन सेकंद धरून चटकन दुसऱ्यावर न्यावा, आणि असं तीन-चार वेळा करावं. उजेड पडत असतानाही एखादी बाहुली मोठी होत गेली, तर त्या बाजूच्या ऑप्टिक नर्व्हमध्ये किंवा रेटिनात दोष आहे. सेल उतरलेल्या टॉर्चने ही खूण चुकते, म्हणून सेल दर वेळी किट उघडताना तपासावेत.